शाळेने टॅब्लेट दिल्यावर ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायचा का?

तुमचा मुलगा अमेरिकेत नववीत जातोय, शाळेने टॅब्लेट दिलाय, तरी यादीत शंभरेक डॉलरचा टीआय-८४ आहे, म्हणजे समीकरणांचे आलेख काढून दाखवणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. ही यंत्रं आता जाणारच ना, मग पैसे कशाला घालवायचे, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्या हायस्कूलला गणित शिकवते. माझ्या मते ती जातील, पण टॅब्लेटमुळे नाही, परीक्षेमुळे.

वर्गात काय वापरायचं हे परीक्षेच्या हॉलमध्ये ठरतं. एपी कॅल्क्युलसला (हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) १९९५पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर सक्तीचा झाला. म्हटल्यावर मुलांना त्याची सवय आधीपासूनच लावायला हवी! २०१०मध्ये आयपॅड आला, पण त्याने काही फरक पडला नाही. त्यावर इंटरनेट, कॅमेरा, मित्रांचे मेसेज. असलं काही परीक्षेत कोण चालवून घेणार? कॅल्क्युलेटरला यातलं काहीच जमत नाही, म्हणून तो टिकला. (आणि आयपॅडवर ॲपलचा स्वतःचा कॅल्क्युलेटर यायला २०२४ उजाडलं, हीही गंमतच.)

खरा फरक पडला तो मार्च २०२४मध्ये, इथली एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, पूर्ण डिजिटल झाली तेव्हा. ब्लूबुक या तिच्या ॲपमध्ये परीक्षा सुरू झाली की बाकीचं सगळं बंद, आणि आतच डेस्मॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. गणिताच्या ४४ही प्रश्नांना तो चालतो. स्वतःचा नेलात तरी हरकत नाही, पण मुलं नेतील कशाला? y = 2x ही रेषा y = x² − 4x + c ला स्पर्श करते, तर c किती? डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणं टाकायची, c साठी स्लायडर येतो, तो रेषा नुसती टेकेपर्यंत ओढायचा. c = ९. टीआय-८४वर c ची एकेक किंमत भरा, विंडो जुळवा, मग सेकंड, ट्रेस, ५ आणि तीनदा एंटर ही बटणं दाबा.

माझी तक्रार वेगळी आहे. स्लायडरने ९ आणणाऱ्याला ‘९च का?’ म्हटलं की तो स्क्रीनकडे बघतो. दोन्ही समीकरणं एकत्र मांडून x² − 6x + c = 0, विवेचक (b² − 4ac) शून्य, ३६ = ४c, हे दोन ओळींचं काम वहीत जमायलाच हवं. ते टीआय-८४वाल्यांनाही जमत नव्हतं म्हणा.

पुढेमागे महाराष्ट्रात परतायचा विचार असेल, तर तिथे दहावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर मुळातच चालत नाही आणि बारावी सायन्सला लॉग टेबल असतं. गेटला (इंजिनिअरिंगनंतरच्या एमटेक प्रवेशाची परीक्षा) तर २०१६पासून स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर, तोही माउसने चालवायचा.

तेव्हा नवा घेऊ नका. आधी शिक्षकांना विचारा की वर्गातल्या चाचण्या कशावर होतात, कारण बरेच जण अजून त्या कागदावरच घेतात आणि तिथे टॅब्लेट बंद करून ठेवायला लावतात. तसं असेल तर शाळेकडून वर्षभरासाठी मिळतो का बघा, नाहीतर कुणाचा तरी जुना टीआय-८४ प्लस घ्या. चार ट्रिपल-ए सेल घातले की चालतो.