मुलीला घेऊन बंगळुरूला जाऊ का?

प्रश्न : मॅडम, आमचा 3 वर्षांपूर्वी म्युच्युअल डिव्होर्स झाला. मुलगी 8 वर्षांची, कस्टडी माझ्याकडे, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तिचे बाबा तिला घेऊन जातात. आता कंपनीने प्रमोशन देऊन बंगळुरूला बदली केलीय. त्यांना सांगितलं तर म्हणतात, नाशिक सोडलंस तर कस्टडी काढून घेईन. कस्टडी माझी असताना परवानगी कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी कपाटातून कन्सेंट टर्म्स, म्हणजे डिव्होर्सच्या वेळी दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटी, काढा आणि नीट वाचा. ‘कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला कार्यक्षेत्राबाहेर नेणार नाही’ असं वाक्य बऱ्याचदा शेवटच्या पानावर असतं आणि सही करताना कुणी बघत नाही. तसं काही नसलं तरी शनिवारची भेट कोर्टाच्या ऑर्डरमध्ये आहेच ना, बंगळुरूहून ती महिन्यातून दोनदा कशी पाळणार? नुसतं उठून गेलात तर त्यांना अवमानाचा अर्ज टाकायला आयतं निमित्त मिळतं.

म्हणून ज्या कोर्टाने डिव्होर्स दिला तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ऑर्डर बदलून मागायची. (पालक म्हणून नेमणूक 1890 च्या पालक-पाल्य कायद्याखाली झाली असेल तर तिथेही कोर्टाला विचारल्याशिवाय मूल बाहेर नेता येत नाही, आणि गंमत म्हणजे ते कलमही 26च.) म्युच्युअलमध्ये ठरलं म्हणजे कायमचं ठरलं असं नसतं. 2010 साली सुप्रीम कोर्टाने एका आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायला परवानगी दिली तेव्हा हेच सांगितलं, की कस्टडीच्या अटी मुलाच्या हितासाठी बदलता येतात. तुम्हाला जवळची वाटेल अशी केस 2022 ची. पुण्याच्या फॅमिली कोर्टाने एका आईला नोकरीसाठी मुलीला घेऊन पोलंडला जायला नकार दिला होता, मुंबई हायकोर्टाने तो फिरवला, करिअर की मूल अशी निवड आईला करायला लावता येणार नाही म्हणून.

पण नुसतं प्रमोशन लेटर जोडून काम होत नाही हो. जज बघतात ते वडिलांच्या वाट्याला काय उरतंय ते, आणि माझ्या मते बहुतेक अर्ज इथेच कच्चे असतात. तिथली शाळा कुठली, तुम्ही ऑफिसला असताना मुलगी कुणाजवळ, मे महिन्याच्या सुट्टीतले किती आठवडे आणि दिवाळीतले किती दिवस बाबांकडे, व्हिडिओ कॉल कुठल्या वारी किती वाजता, तिकिटाचा खर्च कोण करणार, सगळं लिहूनच द्या. शनिवार गेले तर सुट्ट्या जरा सढळ हाताने द्या, खर्चातला अर्धा वाटा स्वतःहून उचला.

मिस्टर राजी झाले तर उत्तमच, पण व्हॉट्सअॅपवरच्या ‘ठीक आहे’वर जाऊ नका, सुधारित कन्सेंट टर्म्स दोघांच्या सहीने कोर्टात दाखल करा. कंपनीकडे जॉइनिंगची तारीख थोडी पुढे मागून बघा, आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत शाळेतून दाखला काढू नका, नाहीतर समोरचा वकील तोच कागद दाखवून म्हणेल, बघा, ही आधीच निघालीय.