गळलेल्या केसावरून माणूस ओळखता येतो का?
केस उपटला गेला असेल तर बहुधा हो, नुसता गळलेला असेल तर अवघड. लोकलच्या सीटवर सापडलेला केस पोलिसांनी कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला पाठवला, तरी टोकाची ती पांढरी गाठ बहुतेक मेलेलीच असते. हाती लागतो तो मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या बारीक भागांतला डीएनए. तो आईकडून येतो, म्हणजे तुम्ही, सख्खा भाऊ, मामा, मावशी सगळे एकाच माळेचे मणी!

उपटलेल्या केसाच्या मुळाला जिवंत पेशी चिकटून येतात. त्यांत एसटीआर, म्हणजे डीएनएमध्ये लागोपाठ पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, मोजतात: डीएनएची 'जीएटीए' ही चार अक्षरं एखाद्या जागी तुमच्यात 9 आणि 12 वेळा (एक आकडा आईकडचा, एक वडिलांकडचा), माझ्यात 8 आणि 11 वेळा. अशा वीसेक जागा जुळल्या की माणूस सापडलाच, एकसारखी जुळी भावंडं सोडून. खरं तर केसापेक्षा वापरलेला टूथब्रश बरा.