वाढदिवस घरचा: बसणारा केक, न फेटणारं क्रीम आणि न फुटणारा पिन्याटा

या वेळची बहुतेक पत्रं केकची आहेत, म्हणून जास्त जागा त्यालाच दिली आहे. मोजमापात जिथे ‘चमचा’ लिहिलंय तो ५ मिलीचा, सुरीने सपाट केलेला.

प्रश्न: कुकरमध्ये बिनअंड्याचा केक करते. फुगतो छान, पण बाहेर काढला की मधोमध खड्डा पडतो. लेकीच्या वाढदिवसाला वीस मुलं येणार आहेत. त्याच डब्यात दुप्पट प्रमाण घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, अकोला

केक कापून बघा, कारण तिथेच दिसेल. खड्ड्याखालचा भाग ओला आणि चिकट असेल तर केक कच्चा राहिलाय, नाहीतर झाकण लवकर उघडलंय. आतून शिजलेला, पण रंगाने काळपट आणि चवीला साबणासारखा लागत असेल तर सोडा जास्त झालाय. स्वयंपाकघरात हाताला लागेल तो चमचा, तोही शीग लावून, घेतला जातो. त्यात लिहिलेल्याच्या दुप्पटसुद्धा सोडा सहज जातो. जास्तीच्या सोड्याने केक भराभर फुगतो, पण मैद्याची भिंत घट्ट व्हायच्या आधीच आतली हवा निसटते आणि सगळं खाली बसतं.

७ इंची डब्यासाठी हे प्रमाण धरा: मैदा १२५ ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम (म्हणजे ४०० ग्रॅमचा अर्धा डबा), वितळवून कोमट केलेलं लोणी ६० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला १ चमचा आणि पाणी ७५ मिली. मैदा, पावडर आणि सोडा दोनदा एकत्र चाळा. चाळणीचा आळस केला की सोड्याच्या गुठळ्या राहतात आणि केकमध्ये तपकिरी ठिपके दिसतात.

क्रम मात्र बदलू नका. आधी कुकर तापत ठेवायचा. तळाशी दीड वाटी जाड मीठ, त्यावर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली, पाणी अजिबात नाही. मध्यम आचेवर १० मिनिटं. (कोरड्या आचेने कुकर खराब होऊ शकतो; त्यामुळे जुना कुकर किंवा घट्ट झाकणाची जाड कढईच यासाठी राखून ठेवा.) तोवर डब्याला तूप लावून मैदा भुरभुरा, तळाला बटर पेपर घाला. कुकर तापल्यावरच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं आणि मिश्रण लगेच आत ठेवायचं. कालवलेलं मिश्रण ओट्यावर पंधरा मिनिटं राहिलं तर सोड्याचं निम्मं काम तिथेच होऊन जातं. डबा ठेवल्यावर आच मंद करा आणि पहिली ३० मिनिटं झाकणाला हात लावू नका. ३५व्या मिनिटाला सुरी मधोमध घालून बघा. ओली आली तर आणखी ५-७ मिनिटं. वरचा भाग डोंगरासारखा फुगून तडकला आणि तळ करपला, तर आच मोठी होती किंवा मिठाचा थर पातळ होता.

त्याच डब्यात दुप्पट मिश्रण घालू नका. कडा करपेपर्यंत मधला भाग कच्चा राहतो, आणि पुन्हा खड्डा. वरच्या प्रमाणात साधारण ४५० ग्रॅमचा केक होतो, तो आठ-दहा मुलांना पुरतो. वीस जणांसाठी दोन केक लागोपाठ करा, पण दुसऱ्याचं मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवा. ओव्हन असेल आणि ९ इंची डबा घ्यायचा असेल तर सगळं दीडपट करून थोडं वर घ्या: ९ गुणिले ९ भागिले ७ गुणिले ७, म्हणजे १.६५ पट. डब्याचा इंच वाढतो त्या मानाने मिश्रण वाढवलं तर केक पापडासारखा होतो. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवलेला हवा.

प्रश्न: फ्रेश क्रीमचा डबा बर्फावर ठेवून अर्धा तास फेटला, तरी घट्ट झालं नाही. क्रीम खराब होतं का?
— एक आजोबा, नागपूर

क्रीम उत्तम होतं. त्याच्याकडून होणारच नाही असं काम तुम्ही त्याला सांगितलंत. डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. फेटून उभं राहायला ३० टक्क्यांच्या वर, खरं तर ३५च्या आसपास लागतं. फॅटचे कण एकमेकांना धरून हवेचे बुडबुडे अडकवतात, ते कणच कमी असले तर अडकवणार कोण? डब्यावर ‘व्हिपिंग क्रीम’ लिहिलेलं बघून घ्या.

दुकानात गोठवलेलं मिळतं ते बहुतेक नॉन-डेअरी, म्हणजे वनस्पती तेलाचं. ते आधीच गोड असतं, साखर घालू नका. आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. भांडं आणि बीटरची पाती १५ मिनिटं फ्रीजमध्ये. सुरुवात हळू वेगाने, मग मध्यम. पातं उचलल्यावर टोक उभं राहिलं की तिथेच थांबा. पुढे गेलात तर क्रीम रवाळ दिसू लागतं; तेव्हा न फेटलेलं दोन चमचे क्रीम घालून चमच्याने हलक्या हाताने ढवळा, बहुधा सावरतं. ७ इंची केकला २५० मिली पातळ क्रीम पुरतं.

पण मे महिन्यात नागपुरात, पंख्याखाली तासभर केक मांडून ठेवायचा असेल तर क्रीमच्या नादी न लागणंच बरं. तुमचा तो फ्रेश क्रीमचा डबा इथे कामी येतो. डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम बारीक चिरा, १५० ग्रॅम क्रीम वाफ येईपर्यंत गरम करा, उकळू नका, फुटतं. चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मधून बाहेरच्या दिशेने ढवळा. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की लावा. हे गनाश क्रीमपेक्षा बराच जास्त वेळ तग धरतं आणि उष्टं लागलेल्या चिमुकल्या बोटांनाही आवडतं.

प्रश्न: रंगाची बाटली नको म्हणून केकमध्ये बीट घातलं, तो मातकट झाला. हळदीचा तर लालसर तपकिरी! असं का?
— एक वाचक, पुणे

बीटचा रंग उष्णतेने उडतो, सोड्याने आणखीच. हळद अल्कलीत लाल होते. कुंकू करताना हळदीचं जे होतं तेच. भाजायच्या वस्तूत रंग घालण्यापेक्षा क्रीममध्ये घाला: २०० मिलीला १ चमचा बीटचा रस, आटवून गार केलेला. पिवळा केकच हवा असेल तर सोडा वगळून फक्त बेकिंग पावडर वापरा आणि पाण्याऐवजी ताक घ्या.

प्रश्न: नातवाला पिन्याटा (आत खाऊ भरून काठीने फोडायचा कागदी फुगा) हवाय. जुलैत वाढदिवस. गेल्या वेळी कागदाचा फुगा वाळलाच नाही, बुरशी आली.
— एक आजी, रत्नागिरी

कोकणातला जुलै आणि मैद्याची खळ, दोघांचं जमत नाही. खळीऐवजी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, लवकर वाळतं. पूर्वी बुरशी टाळायला खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि आत खाऊ भरायचा आहे, तेव्हा ते नकोच.

फुगा ९ इंच फुगवा. वर्तमानपत्राच्या ३ सेंमी रुंद पट्ट्या, गाठीभोवती ८ सेंमी मोकळं ठेवून लावा. एक थर, मग पंख्याखाली रात्रभर, मगच दुसरा. ओल्यावर ओला थर चढवला की आतला वाळतच नाही. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका; आतली हवा प्रसरण पावून कागद तडकतो. तिसऱ्या थराआधी सुतळी खालून फुलीसारखी गुंडाळा आणि वर टांगायला सोडा. नुसत्या कागदाला भोक पाडून टांगलेला पिन्याटा पहिल्याच फटक्यात सुटून पडतो. तीनच थर, पाच केलेत तर मुलं दमतील, तो फुटणार नाही. आत ३०० ग्रॅम खाऊ बस्स. नातू चार-पाच वर्षांचा असेल तर काठीच नको: तळाला झडप कापून कागदी टेपने बंद करा आणि तिला सात-आठ रिबिनी लावा, त्यांतली एकच पक्की चिकटवा, तीच ओढली की झडप उघडेल.

प्रश्न: टोप्यांसाठी पुठ्ठा किती लागेल?
— एक वाचक, बेळगाव

एका टोपीला एक ए-फोर कार्डशीट. लांब बाजूच्या मध्यावर कंपास ठेवून १४.५ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा, ३ सेंमी एकावर एक घेऊन स्टेपल करा, पिना उघडी टोकं बाहेरच्या बाजूला येतील अशा, आणि वर टेप लावा. टोपीचा घेर ४२ सेंमीच्या आसपास येतो, ती डोक्यावर टेकते. इलॅस्टिक ३५ सेंमी, दोन्ही टोकांना गाठ. उरलेल्या पट्टीतून पताका निघतात.

प्रश्न: केक कापताना स्नो स्प्रे मारू द्यावा का?
— एक बाबा, ठाणे

मेणबत्ती पेटलेली असताना मुळीच नाही. डब्यात दाबून भरलेला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो, आणि केस व नायलॉनचे कपडे जवळच असतात. मेणबत्त्या विझवून ताटातून उचलल्यानंतर, मोकळ्या अंगणात, चेहऱ्यापासून लांब. तीन वर्षांखालची मुलं असतील तर फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच गोळा करा, ते घशात अडकतात.