वाचकांचे प्रश्न : बाकी बदलण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : मी चोपड्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी शिकून झाली, आता सी प्लस प्लस सुरू आहे. प्रोसीजरल आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांमधील फरकाचा तक्ता पाठ आहे, पण प्रोग्राम लिहिताना प्रत्यक्षात काय बदलते?

उत्तर : तक्ता परीक्षेपुरता ठेवा आणि रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचा हिशेब घ्या. शेतकऱ्याला उचल दिली की त्याच्या नावावरची बाकी वाढते आणि मालाची पट्टी झाली की ती वळती होते. सीमध्ये, म्हणजे प्रोसीजरल पद्धतीत, नाव आणि बाकी एका स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या एकत्र गठ्ठ्यात) ठेवून उचल, पट्टी, वजावट यांची फंक्शन्स स्वतंत्रपणे लिहिली जातात. मात्र ज्या फंक्शनच्या हाती ते स्ट्रक्चर पडते, ते बाकी थेट बदलू शकते, त्यामुळे हंगामाअखेर रक्कम जुळली नाही तर सगळा कोड चाळावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने, बाकी क्लासच्या (माहिती आणि तिच्यावरची फंक्शन्स एकत्र बांधणाऱ्या रचनेच्या) आत प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या कोडला बंद ठेवली, तर ती बदलण्याचा अधिकार त्या क्लासकडेच राहतो आणि चूक शोधण्याचे क्षेत्र आटोपशीर होते. माझ्या मते मुख्य फरक हाच आहे. इनहेरिटन्सचे, म्हणजे एका क्लासवरून दुसरा घडवण्याचे, कौतुक अभ्यासक्रमात जरा जास्तच होते.

दुसरा फरक वाढीचा आहे. रोख आणि धनादेश यांच्या जोडीला यूपीआय आले, तर प्रोसीजरल पद्धतीत प्रत्येक फंक्शनमधल्या स्विचमध्ये (प्रकारानुसार वाट निवडणाऱ्या भागात) नवी केस घालावी लागते, तर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत एक नवा क्लास लिहून भागते. याउलट, सर्व प्रकारांना लागू होणारी एखादी नवी क्रिया हवी असेल, तर प्रोसीजरल पद्धतीत एक फंक्शन पुरते, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत मात्र सगळेच क्लास उघडावे लागतात. ही बाजू तक्त्यात सहसा नसते.

पद्धत आणि भाषा यांची गल्लतही करू नये. नॉर्वेत 1960च्या दशकात तयार झालेल्या सिम्युला या भाषेमधली क्लासची कल्पना ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979पासून सीमध्ये आणली आणि त्या भाषेला 1983मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले. तरीही तिच्यात एकही क्लास न लिहिता निव्वळ प्रोसीजरल प्रोग्राम करता येतो. उलट लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल (तिचा गाभा) मुख्यतः सीमध्ये असूनही तिथे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत दिसते: प्रत्येक फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल्स ठेवण्याची व्यवस्था) वाचण्या-लिहिण्याच्या आपापल्या फंक्शन्सचे पत्ते एका ठरावीक स्ट्रक्चरमध्ये भरून देते आणि बाकीचे कर्नल आतला प्रकार न विचारता त्याच पत्त्यांवरून काम करून घेते.