चाकणचा कॉल मुंबईमार्गे नागपूरला वळवायचा आहे, ईपीएबीएक्समध्ये कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत हेड ऑफिस, चाकणला कारखाना, नागपूरला शाखा, तिन्हीकडे वेगवेगळी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेर जोडणारी मशीन. मुंबई–चाकण आणि मुंबई–नागपूर अशा टाय लाइन (दोन मशीन थेट जोडणाऱ्या भाड्याच्या लाइन) आहेत, पण चाकण–नागपूर लाइन नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांना एसटीडी लावतात. हे कॉल मुंबईवरून वळवता येतील का? आणि त्याच वाटेने चाकणच्या माणसांना नागपुरातल्या ग्राहकांना ‘लोकल’ फोन करता येईल का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. मशीनला ते जमतं, कायद्याला चालत नाही. मी १९९६ पासून वीसेक वर्षं ईपीएबीएक्स बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं, आणि हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच यायचे. तेव्हा त्यामागे पैसा होता. रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून लोक जागे राहून एसटीडी लावायचे, असे ते दिवस. १ मार्च २००६ ला बीएसएनएल-एमटीएनएलने ‘वन इंडिया’ योजना आणली, देशभर एक रुपया मिनिट, आणि त्यानंतर नुसत्या बचतीसाठी टाय लाइन घेण्यात फारसा अर्थ उरला नाही. आज ती घ्यावी दोन कारणांसाठी: चार आकड्यांत माणूस मिळतो, आणि बाहेरच्या लाइन बंद पडल्या तरी ऑफिसं एकमेकांशी बोलू शकतात.

आधी नंबरांचं बघा. मुंबईची एक्सटेन्शन २ ने, चाकणची ३ ने, नागपूरची ४ ने सुरू होत असतील तर काम सोपं आहे. चाकणच्या रूट टेबलमध्ये (कोणता नंबर कोणत्या लाइनने पाठवायचा त्या तक्त्यात) लिहायचं: ४ ने सुरू होणारे चार आकडे आले की मुंबईची टाय लाइन पकड आणि चारही आकडे पुढे पाठव. मुंबईत लिहायचं: ४ आला की नागपूरची लाइन पकड. परतीची वाट दोन्हीकडे तशीच उलटी. पण बहुतेक ठिकाणी तिन्हीकडे २०१ म्हणजे साहेब आणि २१० म्हणजे स्टोअर्स असं वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं. ते बदलायला जाऊ नका, लोकांच्या बोटांत बसलेले नंबर असतात ते. त्याऐवजी प्रत्येक ऑफिसला दोन आकड्यांचा कोड द्या, म्हणजे नागपूरसाठी ७४, मग २१०. मुंबईच्या मशीनने ७४ तसाच पुढे द्यायचा आणि नागपूरच्या मशीनने तो काढून टाकून उरलेला २१० वाजवायचा. आकडे काढण्याचं काम शेवटच्या मशीनकडेच ठेवा. मधल्याने काढले तर तिथलंच स्टोअर्स वाजतं, आणि मग दोन दिवस कोणालाच कळत नाही की गोंधळ कुठे आहे.

आता टाय लाइन भरलेली किंवा तुटलेली असेल तेव्हा काय? तेव्हा कॉल बाहेरच्या नेटवर्कने जाऊ द्यायचा, पण तो ज्याने लावला त्याच्याच ऑफिसच्या पीआरआयवरून (एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनवरून), रीतसर एसटीडी म्हणून. नागपूरला डीआयडी नंबर (बाहेरून थेट एक्सटेन्शनवर वाजणारे नंबर) असतील तर चाकणचं मशीन एक्सटेन्शनच्या आधी ०७१२ आणि डीआयडीचे सुरुवातीचे आकडे जोडतं. लावणाऱ्याला पत्ताही लागत नाही. डीआयडी नसेल तर कॉल नागपूरच्या बोर्डावर, म्हणजे ऑपरेटरकडे पडेल, तेही चालतं. मात्र लाइन मेलीय हे मशीनला कळायला हवं. पीआरआय असेल तर लिंक तुटल्याचा अलार्म लगेच येतो. जुन्या ई अँड एम पद्धतीच्या टाय लाइनवर असा अलार्म नसतो, मशीन सरळ आकडे सोडून मोकळं होतं आणि माणूस कानाला मुका फोन लावून बसतो. तिथे ‘विंक स्टार्ट’ ठेवा. म्हणजे पलीकडून तयार असल्याची खूण आल्याशिवाय आकडे जात नाहीत, आणि खूण आली नाही की मशीन दुसरी वाट धरतं.

खरी जपायची गोष्ट मात्र पुढची आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

२००३ च्या सुमाराला एका कंपनीची मुंबई, पुणे आणि नाशिक अशी तीन ऑफिसं माझ्याकडे होती. सुरुवातीला तिन्ही जोड्यांमध्ये लाइन होत्या. मुंबई–नाशिक लाइन गेली तर कॉल पुण्यामार्गे जावा, अशी पर्यायी वाट मी मुंबईत लिहून ठेवली होती. पुढे भाडं वाचवायला त्यांनी पुणे–नाशिक लाइन सोडून दिली. मी पुण्याला जाऊन तिथलं टेबल बदललं: नाशिकचे कॉल आता मुंबईमार्गे. मुंबईतली जुनी पर्यायी वाट मात्र तशीच राहिली. काही महिने काहीच झालं नाही. मग रस्त्याच्या खोदकामात मुंबई–नाशिकची केबल तुटली.

त्या दुपारी बोर्डवरच्या ताईंनी फोन केला, की पुण्याच्या आठही लाइनचे दिवे एकापाठोपाठ पेटतात, थोडा वेळ तसेच राहतात आणि मग सगळे एकदम विझतात. कोणी बोलत तर नाही. मला वाटलं कार्ड गेलं. कार्ड बदललं, तरी तेच. शेवटी न लागलेले कॉलही छापायची सोय चालू केली आणि प्रिंटरच्या कागदावर दिसलं: एकाच मिनिटात तोच नाशिकचा नंबर चार वेळा पुण्याकडे गेलेला आणि चार वेळा पुण्याकडून परत आलेला. मुंबईला नाशिकची लाइन मिळत नव्हती म्हणून तिने कॉल पुण्याला दिला, पुण्याने आपल्या टेबलाप्रमाणे तो मुंबईला परत दिला, मुंबईने पुन्हा पुण्याला. आठ लाइन संपल्या की लावणाऱ्याला एंगेज टोन, त्याने रिसीव्हर ठेवला की आठही मोकळ्या. एका माणसाच्या एका फोनने दोन शहरांमधला सगळा संपर्क अडत होता, आणि नाशिक लागत नाही म्हणून माणसं पुन्हा पुन्हा लावत होती. त्यांचा जवळजवळ पूर्ण दिवस गेला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम एकच: ज्या लाइनच्या गटातून कॉल आत आला, त्याच गटातून तो बाहेर जाता कामा नये. हे प्रत्येक मशीनमध्ये येणाऱ्या ट्रंकच्या (बाहेरून मशीनला जोडलेल्या लाइनच्या) परवानगीत लिहून ठेवायचं. क्यूसिगवर (मशीनांनी एकमेकांशी बोलायच्या डिजिटल पद्धतीवर) चालणाऱ्या मशीनमध्ये कॉल किती मशीनमधून गेला याची मोजणी कॉलबरोबर पाठवता येते आणि ठरलेल्या आकड्यावर तो तोडता येतो. ई अँड एममध्ये अशी मोजणीच नसते, तिथे परवानगीचाच आधार. तुमच्याकडे आज दोनच लाइन आहेत, त्यामुळे हा धोका नाही. पण उद्या कोणी चाकण–नागपूर लाइन घेईल, परवा सोडून देईल. म्हणून टेबलात बदल झाला की तिन्ही मशीनची टेबलं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. एकट्या मशीनचं टेबल नेहमी बरोबरच दिसतं.

दुसरं, १००, १०१, १०८ आणि ११२ हे नंबर कोणत्याही वळणात येऊ देऊ नका. एका कारखान्यात ‘बाहेरच्या लाइन भरल्या तर कॉल मुंबईला दे’ असं कोणीतरी लिहून ठेवलेलं मला सापडलं. आग लागली असती तर तिथून लावलेला १०१ मुंबईच्या अग्निशमन दलाकडे वाजला असता. हे नंबर त्याच इमारतीतल्या लाइनवरून जावेत, आणि एक लाइन फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवा. ही लाइन वायफळ वाटेल. तरी ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चाकणहून टाय लाइनने नागपूरला जायचं आणि तिथल्या लोकल लाइनवरून ग्राहकाला लावायचं, याला टोल बायपास म्हणतात. काही देशांत कंपन्या हे उघडपणे करतात. भारतात खासगी जाळ्यावरून आलेला कॉल असा सार्वजनिक नेटवर्कात सोडता येत नाही. लांब पल्ल्याचा कॉल परवानाधारक कंपनीच्या नेटवर्कवरूनच जायला हवा. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून दूरसंचार हा केंद्र सरकारचा अधिकार मानला गेला आणि परवान्याची सगळी रचना त्यावर उभी राहिली. आता २०२३ चा दूरसंचार कायदाही परवानगीशिवाय सेवा चालवू देत नाही. यात महसुलाचा मुद्दा आहेच, पण मला दुसरं कारण जास्त पटतं. ग्राहकाच्या फोनवर नागपूरचा नंबर दिसतो आणि बोलणारा असतो चाकणला. उद्या कोणी धमकीचा फोन केला तर पोलीस चुकीच्या शहरात, चुकीच्या इमारतीत जातील.

म्हणून आयपीवर (इंटरनेटच्या पद्धतीने) चालणाऱ्या मशीनमध्ये ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ नावाची सोय असते. एकाच टेबलावरच्या फोनवरून दोन्ही प्रकारचे कॉल करता येतात, पण टाय लाइनवरचा कॉल आणि बाहेरचा कॉल एकमेकांना जोडता येत नाहीत. ना ट्रान्स्फर करून, ना कॉन्फरन्स करून. तीच पद्धत जुन्या मशीनमध्येही परवानगीच्या तक्त्यात करता येते. ट्रान्स्फरचा मुद्दा लोक विसरतात: रूट बंद केला, पण नागपूरचा ऑपरेटर टाय लाइनवरचा कॉल बाहेरच्या लाइनला जोडून देतो, म्हणजे झाला बायपास. कॉल सेंटरसारख्या कामांसाठीचे नियम नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये बरेच सैल झाले. तुमचं काम त्यात बसत असेल तर काय चालतं ते लाइन देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. सेल्समनच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

लाइन किती लागतील तेही मोजा. गर्दीच्या तासात मुंबई–नागपूर तीन-तीन मिनिटांचे ६० कॉल होत असतील तर ती १८० मिनिटं, म्हणजे ३ अरलँग (एक लाइन तासभर सतत भरलेली असली की १ अरलँग). शंभरात एखाद्याच कॉलला एंगेज मिळावा असं हवं असेल तर ८ चॅनल (एका वेळी एकेक कॉल नेणाऱ्या वाटा) लागतात. त्यात चाकणचे तेवढ्याच लांबीचे २० कॉल वळवले की ४ अरलँग, म्हणजे १० चॅनल. आणि असा प्रत्येक कॉल मुंबई–चाकणचाही एक चॅनल धरून बसतो. लाइन आयपीवर असून आवाज जी.७२९ ने (आवाज कमी जागेत बसवायच्या पद्धतीने) दाबलेला असेल तर मुंबईत तो उलगडून पुन्हा दाबला जाणार नाही एवढं बघा. दोनदा दाबलेला आवाज पातळ होतो, नावं आणि आकडे नीट कळत नाहीत.

सगळं लिहून झालं की एखाद्या शनिवारी संध्याकाळी मुंबईच्या एमडीएफवर (सगळ्या लाइनच्या तारा जिथे येतात त्या फ्रेमवर) नागपूरची तारांची जोडी स्वतःच्या हाताने काढा. तिन्ही ठिकाणांहून नागपूरला लावून बघा, कॉल रेकॉर्डमध्ये तो कुठून कुठे गेला ते वाचा, मग ती जोडी परत लावून चाकणची काढा. या कामाला दीड-दोन तास लागतील. प्रत्येक ठिकाणी फोन लावणारा एक माणूस आधी सांगून ठेवा आणि त्याचा मोबाइल नंबर जवळ असू द्या.