बंदुकीच्या निळाईला मुलामा म्हणू नका

सत्तरीतल्या एका बागायतदार वाचकांनी विचारलं आहे. कुळागरात रानडुकरं येतात म्हणून त्यांच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलांच्या वेळची बारा बोरची एकनळी बंदूक आहे. नळीवरची निळसर काळी झाक जागोजागी उडाली आहे. दुरुस्ती करणारा म्हणाला, "नवा मुलामा चढवून देतो, दहा पावसाळे बघायला नको." तर या झाकेला मुलामा म्हणावं की लेप, आणि ती खरंच इतकी टिकते का, असा त्यांचा प्रश्न.

मुलामा नाही आणि लेपही नाही. खिडकीच्या ग्रिलचं पावडर कोटिंग, तव्यावरचा न चिकटणारा थर, बंदुकीची निळाई, सगळ्यांना सरसकट मुलामा म्हणायची जी खोड लागली आहे ती ऐकून ऐकून कान किटले. मुलाम्याला दोन धातू लागतात. खाली हलका, वर भारी: चांदीवर सोनं, पितळेवर चांदी, लोखंडावर निकेल. लाक्षणिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो.

शब्द अरबी आहे, मूळ रूप 'मुलम्मअ'. लाम, मीम, ऐन ही त्याची मुळाक्षरं आणि अर्थ चमकणं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण अरबीत मुलम्मअ म्हणजे अंगावर वेगळ्या रंगाचे ठिपके-पट्टे असलेला, आपण बांडा म्हणतो तसा घोडा, हाही अर्थ आहे. फारसी काव्यशास्त्रानं तोच शब्द दोन भाषा मिसळलेल्या कवितेला दिला. फारसी कवी हाफिजच्या दिवाणातली, म्हणजे काव्यसंग्रहातली, पहिली गझल अरबी ओळीनं उघडते, अरबी ओळीनंच मिटते आणि मधे सगळी फारसी. एका वाक्यात मराठी, कोकणी आणि चार पोर्तुगीज शब्द सहज बोलणाऱ्या गोंयकाराला हा शब्द किती जवळचा वाटायला हवा!

म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी मुलाम्याचा गाभा चमक हा नाही, दोन वस्तू एकावर एक दिसणं हा आहे. नुसत्या चमकेला आपल्याकडे जिल्हई हा वेगळा शब्द आहे, तोही अरबीच. घासूनपुसून लखलखीत केलेल्या समईला कोणी मुलामा दिलेली समई म्हणत नाही. 'मुलामा' आणि 'मुलायम' एकाच मुळाचे असं एका गृहस्थांनी मला मोठ्या अधिकारानं सुनावलं होतं. मुलायमचं मूळ 'मुलाइम', म्हणजे जुळणारं, अनुकूल. त्यात ऐन नाही, हमझा आहे. देवनागरीत दोन्ही अक्षरं गळून पडतात म्हणून शब्द भाऊ होत नाहीत.

निकेलचा मुलामा दिलेलं जुनं पिस्तूल पाहिलंत तर हा बांडेपणा डोळ्यांना दिसेल. निकेलमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी खालचं लोखंड गंजायला लागतं, आणि निकेल जवळ असल्यामुळे ते एकट्या लोखंडापेक्षा जास्त वेगानं गंजतं. गंज आतल्या आत पसरतो, वरचे पापुद्रे सुटतात.

निळाईचं तसं नाही. तिथे वरून दुसरा धातू येतच नाही. जुन्या रीतीत तर नळीवर मुद्दाम बारीक लाल गंज चढू देतात, मग नळी पाण्यात उकळतात. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो. वरची सुटी भुकटी तारेच्या ब्रशनं झाडायची, पुन्हा गंज चढवायचा, पुन्हा उकळायचं. कारखान्यात हेच काम कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात एका बुडवणीत होतं. दोन्हीकडे लोखंडाचंच रूप बदलतं. उन्हात काम करून कातडी रापते तसं हे आहे, म्हणून मी 'रापवणे' हे क्रियापद सुचवतो. रापवलेली नळी. या निळाईला इंग्रजीत ब्लूइंग म्हणतात, त्याला याहून चोख मराठी शब्द मला तरी दिसत नाही. 'नीलवर्णीकरण' लिहिणाऱ्यांनी एकदा तो शब्द बंदूक दुरुस्त करणाऱ्यासमोर मोठ्यानं म्हणून पाहावा.

आता टिकाऊपणा. हा राप जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा असतो आणि तेलाशिवाय त्याचा फारसा उपयोग नाही. घाम, खारा वारा, आपला चार महिन्यांचा दमटपणा त्याला खातो. आंबट तर त्याचं वैरी, व्हिनेगरनं तो साफ निघतो. रापाऐवजी बंदुकीला फॉस्फेटचा थरही देतात. तो खरबरीत थर तेल धरून ठेवतो, म्हणून दमट हवेत राप हरतो तिथे तो तग धरतो. नायट्रायडिंग ही आणखी एक रीत, तिच्यात नत्रवायू पोलादाच्या आतच शिरतो, तो पापुद्रा होऊन सुटत नाही. त्यालाही लेप म्हणू नये. भट्टीत भाजून पक्का करतात तो सिरॅमिक रंग मात्र खराखुरा लेप, तिथे हा शब्द बिनधास्त वापरा.

तुमच्या दुरुस्तीवाल्याला एकच विचारा: नळी गरम द्रावणात बुडवणार की बाटलीतलं थंड रसायन बोळ्यानं पुसणार? थंड रसायनात बहुधा सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, आणि लोखंडावर तांब्याच्या सेलेनाइडचा काळा थर बसतो. ते रापवणं नव्हे, वरून आलेला थरच आहे. त्याला त्यानं मुलामा म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. पण तो थर हाताच्या वापरानं लवकर झिजतो, दहा पावसाळ्यांची हमी त्यावर घेऊ नका. गरम रापवणी करून घेतलीत तरी पावसात बंदूक बाहेर काढली की त्याच दिवशी कोरडी पुसून तेलाचा हात फिरवा, आणि ती चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नका. चामडं ओल धरतं.