पैशाचं आधी बोल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा नाशिकच्या सीबीएसला, मध्यवर्ती बसस्थानकावर, चहा घेताना तू विचारलंस, "मॅडम, सिनियर वकिलांना पहिल्याच भेटीत पैशाचं विचारलं तर वाईट दिसेल का?" तेवढ्यात कोर्टात मॅटर पुकारल्याचा फोन आला आणि मी पळाले. उत्तर राहूनच गेलं.

विचार. मी विचारलं नव्हतं. पहिल्या सिनियरांकडे दहा महिने काढले. हातात पडलं ते दिवाळीचं हजाराचं पाकीट आणि मिठाईचा बॉक्स. काम शिकले, नाही म्हणत नाही. पण नाशिकरोडहून रोज यायचं भाडं वडील देत होते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलंय: ज्युनियरला शहरात दरमहा किमान 20,000, ग्रामीण भागात 15,000. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे तो कागद कुणाच्या टेबलावर आपटू नकोस. मीसुद्धा माझ्याकडच्या मुलाला 12,000 च देते. लिहिताना थोडी शरम वाटतेय. आकड्याबरोबर बाकीचंही विचारून घे. झेरॉक्स आणि पेट्रोल कुणाच्या खिशातून? स्वतःचं मॅटर घेतलं तर चालेल का? रविवारी पक्षकार येतात तेव्हा तुला बसावं लागेल का? (लागेल. नोकरदार माणूस रविवारीच येतो.)

सुरुवातीचे महिने रटाळ जातील. फॅमिली कोर्टात वकील हक्काने उभा राहू शकत नाही, 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 13 आडवं येतं. म्हणून परवानगीचा अर्ज, मग मुदतीचा, मग नकलांचा. पक्षकार समुपदेशकाकडे आत, आपण बाहेर बाकावर.

खरं शिक्षण उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रात आहे. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात. सातपूरच्या कामगाराची सॅलरी स्लिप असते, तासाभरात काम होतं. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचं काय लिहिशील? तो म्हणतो अवकाळीने बाग गेली, व्यापारी पैसे बुडवून पळाला. दोन्ही खरं असू शकतं. म्हणून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा बघ, आणि एका हंगामावर न जाता तीन वर्षांचे बँक उतारे माग. बाग तोडून टाकली म्हणणाऱ्या एकाच्या कागदांत मला कृषी सेवा केंद्राचं ताजं बिल सापडलं होतं, डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या औषधाचं. तोडलेल्या बागेला कुणी फवारणी करतं का?

आता तुझ्या फीचं. पोटगीत टक्का कधीही ठरवायचा नाही. निकालावर अवलंबून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. टप्पे पाड: अर्ज दाखल, अंतरिम पोटगी, पुरावा. कागदावर लिहून दे आणि प्रत्येक रकमेची पावती दे.

हे मी स्वतः चूक करून शिकले. एक बाई पहिल्याच दिवशी पाटल्या काढून टेबलावर ठेवायला लागली. मी घेतल्या नाहीत. फार मोठेपणा वाटला होता स्वतःचा. पण पुढे फीचा विषयही कधी काढला नाही. बाईला वाटायचं, मॅडम फुकट लढतायत. हळूहळू ती तोंड चुकवायला लागली, मग तारखांना येईना, आणि एक दिवस गैरहजेरीत अर्ज निकाली निघाला. तिला मी पहिल्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायला हवं होतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मला ते माहीत होतं. सुचलं नाही, कारण पैशाचा विषयच मी टाळत होते.

सोमवारी भेटून आलीस की फोन कर. साडेपाचनंतर, त्याआधी मी कोर्टात असते. आणि ते काळे बूट आधी चार दिवस घरात घालून बघ, नवे चावतात.

तुझी,
मॅडम